सकाळी घ्यायची, संध्याकाळी लागायची

बोरिवली स्टेशनच्या पश्चिमेला संध्याकाळी साडेसात-आठला जी भाजी विकली जाते, ती घेणारी बहुतेक माणसं भाजी आणायला म्हणून घरून निघालेली नसतात. ती चर्चगेटहून आलेल्या गाडीतून उतरलेली असतात. खांद्याला ऑफिसची बॅग, त्यात रिकामा डबा, पाण्याची बाटली, जूनपासून पुढे छत्रीही. आणि डोक्यात उद्याच्या डब्याला काय करायचं हा प्रश्न. समोर मेथीच्या ताज्या जुड्या दिसतात, भाव ठरतो, आणि भाजीवाल्या मावशी विचारतात, "पिशवी आहे ना, ताई?" पिशवी असतेच. एक नाही, चांगल्या वीस-पंचवीस असतात. पण त्या सगळ्या घरी, स्वयंपाकघराच्या दारामागच्या खुंटीवर, एका मोठ्या पिशवीत कोंबून ठेवलेल्या.

अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, कुठल्याही स्टेशनाबाहेर हाच संवाद चालतो. पिशवी विसरण्याबद्दल आपण बोलतो तेव्हा सूर शिस्तीचा असतो: लोकांना सवयच नाही, लोकांना काही पडलेलं नाही. मला हे पटत नाही. उपनगरातल्या नोकरदार माणसाला पिशवी लागते रात्री आठला आणि आठवावी लागते सकाळी आठला, जेव्हा गाडी पकडायची असते आणि मेथीचा विचार मनाच्या आसपासही नसतो. बारा तास आधी, कारण समोर नसताना, एखादी गोष्ट आठवणं माणसाच्या मेंदूला मुळातच जड जातं. या अडचणीकडे नीट पाहिलं, तर प्लास्टिकबंदीचे कायदे का अर्धवट लागू पडले, काउंटरवर पिशवीचे पैसे घेऊनही सवय का बदलत नाही, हे सगळं बऱ्यापैकी उलगडतं.

स्मरणशक्ती म्हटलं की आपल्याला झालेल्या गोष्टी आठवणं सुचतं: पाढे, वाढदिवस, जुने पत्ते. पण पुढे करायचं काम वेळेवर आठवणं ही वेगळी शक्ती आहे आणि मानसशास्त्रात तिचा स्वतंत्र अभ्यास होतो. अमेरिकेतले गिल्स आइन्स्टाइन आणि मार्क मॅकडॅनियल यांनी १९९० च्या सुमारास तिचे दोन प्रकार वेगळे काढले. एक घड्याळावर चालतो: सहा वाजता गोळी घ्यायची. दुसरा घटनेवर चालतो: जोशीकाका भेटले की त्यांना निरोप द्यायचा. दुसरा प्रकार सहसा सोपा जातो, कारण जोशीकाकांचा चेहराच आठवण करून देतो. आपल्याला मुद्दाम काही जपून ठेवावं लागत नाही. पिशवीची गोम इथेच आहे. तिची आठवण करून देणारी घटना म्हणजे भाजीचा ढीग, आणि तो दिसतो तेव्हा पिशवी दहा-वीस मिनिटांच्या रिक्षाच्या अंतरावर असते. आठवण येते, पण उशिरा येते. म्हणून तर सगळ्यांना पिशवी दुकानातच आठवते.

याचा उलटा पुरावा रविवारी सकाळी मिळतो. मुलुंडचा असो वा वर्सोव्याचा, मासळीबाजारात निघालेला माणूस पिशवी विसरत नाही. ती ठरलेली असते. बहुधा वायरची किंवा जाड नायलॉनची, धुऊन बाल्कनीच्या गजाला अडकवलेली, आणि घरातलं दुसरं कुणी तिला हात लावत नाही. माणूस तोच, रविवारी त्याची स्मरणशक्ती काही वाढलेली नसते. फरक एवढाच की तो घरून, फक्त मासळीसाठी निघतो. निघणं हीच आठवण असते. महिन्याच्या किराण्याचंही तसंच. १९७५ च्या गुढीपाडव्याला, बिंदुमाधव जोशी, सुधीर फडके अशांच्या पुढाकारातून सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीची पद्धत उपनगरांतल्या अनेक मराठी घरांना ठाऊक आहे. शेजारपाजारच्या काही कुटुंबांचा संघ, महिन्याची यादी आधी भरून द्यायची, माल एका ठिकाणी उतरणार, आणि ठरल्या दिवशी सभासदांनीच तो वाटून घ्यायचा. यादी आधी, दिवस ठरलेला. पिशव्या विसरायला जागाच उरत नाही. अडतं ते जाता जाता घेतलेल्या वस्तूंपाशी: दोन जुड्या, पाव किलो मिरच्या, अर्धा डझन केळी.

जुन्या पिढीला पिशवी आठवायची, असं आपण कौतुकानं म्हणतो. खरं तर तिला विसरण्याची सोयच नव्हती. वाण्याकडे साखर कागदाच्या पुड्यात बांधून सुतळीनं आवळून मिळायची, पण ते आठ-दहा पुडे घरी न्यायला पिशवी आपलीच. तेलाला किटली, रॉकेलला डबा, रेशनच्या गव्हाला जाड कापडाची पिशवी. यातलं एक नसलं तर माल मिळायचा नाही, परत घरी जावं लागायचं. आणि दूध? गोरेगावच्या आरे वसाहतीचं दूध मुंबईकर वर्षानुवर्षं काचेच्या बाटलीतून प्यायले. पातळ ॲल्युमिनियमच्या झाकणाची ती बाटली; सकाळी केंद्रावर रिकामी दिली की भरलेली हातात. रिकामी बाटली विसरणाऱ्याचा चहा काळा व्हायचा. बाटली आठवण्याचं काम अख्ख्या व्यवस्थेनं उचललं होतं, बाटली नेणाऱ्या मुलाला फारसं डोकं चालवावं लागत नव्हतं.

मग दूध प्लास्टिकच्या पिशवीत आलं, तेल पाऊचमध्ये आलं, आणि दुकानदार सामानासोबत पिशवीही देऊ लागला, फुकट. आज आपण जिला कॅरीबॅग म्हणतो, एकाच नळकांडीतून कापलेली, बनियनसारख्या दोन कानांची, तिचं पेटंट स्वीडनच्या सेलोप्लास्ट कंपनीसाठी स्टेन गुस्टाफ थुलिन या अभियंत्यानं १९६५ मध्ये मिळवलं. या थुलिनबद्दल त्याच्या मुलानं पुढे सांगितलेली गोष्ट मला फार बोलकी वाटते. कागदी पिशव्यांसाठी झाडं पडतात, म्हणून पुन्हा पुन्हा वापरता येईल अशी बळकट पिशवी त्याला हवी होती, आणि तो स्वतः एक पिशवी घडी करून खिशात ठेवायचा. म्हणजे प्लास्टिकच्या पिशवीचा जनक घरून पिशवी नेणारा होता! पिशवी इतकी स्वस्त झाली की ती टिकाऊ आहे हे कुणाच्या लक्षातच राहिलं नाही. फुकट मिळणारी वस्तू जवळ बाळगायची गरज नसते, आणि गरज नसलेली आठवण एका पिढीत पुसली जाते.

मुंबईच्या उपनगरांनी या पिशवीचं खरं रूप पाहिलं ते २६ जुलै २००५ ला. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम ७३. दुपारी समुद्राला मोठी भरती होती. पाणी ओसरल्यावर नाल्यांच्या तोंडाशी, गटारांच्या जाळ्यांत पिशव्यांचे थर दिसले आणि पुढच्याच महिन्यात राज्यानं पिशव्यांवर बंदी जाहीर केली. ती पुढे सौम्य होत २००६ च्या नियमांत ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांपुरती उरली.

इथे एक गोष्ट बोलायला हवी. पिशवीचा दोष होताच, पण त्या दिवसाचा सगळा दोष तिच्या माथी मारणं सोयीचं होतं. मिठी नदीचं पात्र विमानतळाच्या धावपट्टीपासून वांद्रे-कुर्ला संकुलापर्यंत भरावांनी आणि बांधकामांनी आवळलेलं होतं. पर्जन्यवाहिन्या सुधारायचा ब्रिमस्टोवॅड अहवाल १९९३ पासून पडून होता. माधवराव चितळे यांच्या समितीनं पुढे या साऱ्याचा सविस्तर हिशेब मांडला. भराव हटवण्यापेक्षा पिशवीवर बंदी घालणं कितीतरी सोपं. अंधेरीचा सबवे बंदीनंतरच्या पावसाळ्यांतही तुंबतच राहिला, कारण तो सखल आहे आणि मोगरा नाल्याचं पाणी तिकडेच येतं. पिशवी नाला चोंदवते हे खरं. नाला अरुंद मात्र ती करत नाही.

मायक्रॉनचं प्रकरण थोडं समजून घेण्यासारखं आहे, कारण त्यावर बरीच वर्षं कायदा फिरत राहिला. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. केंद्राच्या १९९९ च्या नियमांत किमान जाडी २० मायक्रॉन होती, २०११ मध्ये ४० झाली, २०१६ मध्ये ५०. २०२१ च्या दुरुस्तीनं ती सप्टेंबर २०२१ च्या अखेरीस ७५ आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० केली. जाड प्लास्टिक कमी वाईट, असा यामागचा विचार नव्हता. विचार कचरा वेचणाऱ्या बायकांचा होता. फूटभर रुंद आणि सव्वा फूट उंच पिशवी घेऊ: २० मायक्रॉनची असेल तर तिचं वजन साधारण साडेचार ग्रॅम भरतं. म्हणजे एक किलो माल जमवायला दोनशेहून जास्त पिशव्या वेचायच्या, त्याही चिखलानं माखलेल्या. १२० मायक्रॉनची तीच पिशवी सुमारे सत्तावीस ग्रॅमची. किलोला छत्तीस-सदतीस पुरतात. जिला भंगारात भाव आहे ती वेचली जाते, जिला नाही ती नाल्यात जाते. स्त्री मुक्ती संघटनेनं 'परिसर विकास' या उपक्रमातून मुंबईतल्या कचरावेचक बायकांचं संघटन केलं. त्या बायकांना हे गणित कुठल्याही अधिसूचनेआधी पाठ होतं. शिवाय जाड पिशवी दुकानदाराला महाग पडते, म्हणून तो ती फुकट वाटणार नाही, हीही अपेक्षा होती.

महाराष्ट्रानं मायक्रॉनचा हा खेळ २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेनं सोडून दिला. रामदास कदम तेव्हा पर्यावरणमंत्री होते. पिशवीची जाडी कितीही असो, तिला कान असोत वा नसोत, बंदी. योगायोग असा की आदल्याच दिवशी, २२ मार्चला, वर्सोव्याच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्राकडे सरपटताना लोकांनी पाहिली होती. हा तोच किनारा, जिथला कचरा उचलायला अफरोज शाह या तरुण वकिलानं २०१५ च्या ऑक्टोबरात सुरुवात केली होती आणि ज्याबद्दल पुढच्या वर्षी संयुक्त राष्ट्रांनी त्यांचा गौरव केला. प्लास्टिक उत्पादक उच्च न्यायालयात गेले. न्यायालयानं स्थगिती दिली नाही. २३ जूनपासून अंमलबजावणी सुरू झाली. पालिकेचे सुमारे अडीचशे निरीक्षक निळ्या जाकिटात बाजारांत उतरले. दंड पहिल्यांदा ५,००० रुपये, दुसऱ्यांदा १०,०००, तिसऱ्यांदा २५,००० आणि तीन महिन्यांची कैद.

त्या जूनमध्ये मी पाहिलेला बदल खरा होता. स्टेशनाबाहेर माणसं ऑफिसच्या बॅगेत कांदे कोंबत होती, ओढणीत टोमॅटो बांधत होती, रिकाम्या डब्यात मिरच्या भरत होती. पण काही दिवसांतच किराणा दुकानदारांना सुट्या मालाच्या बांधणीपुरती सवलत मिळाली, निळी जाकिटं विरळ झाली, २०२० च्या साथीत तर सगळंच मागे पडलं. मला वाटतं, दंडाचा आकडाच इथे आड आला. दोन जुड्यांसाठी दिलेल्या पिशवीपायी हातगाडीवाल्याला ५,००० रुपयांचा दंड इतका अवजड आहे की तो रोज लावता येत नाही. क्वचित लागणाऱ्या मोठ्या दंडाची भीती वाटते, पण सवय लागत नाही. भाजीवाल्याची बाजूही समजण्याजोगी आहे. त्याला पिशवीची हौस नाही. पिशवी त्याच्या नफ्यातून जाते. पण त्यानं नाही म्हटलं आणि शेजारच्यानं हो म्हटलं, तर गिऱ्हाईक दोन पावलं पुढे जातं. एकट्यानं प्रामाणिक राहिलं की मेथी संध्याकाळभर तशीच पडून राहते.

याच अधिसूचनेत दुधाच्या पिशवीसाठी एक छोटं कलम होतं: रिकामी पिशवी परत दिली तर किमान ५० पैसे परत. म्हणजे आरेच्या बाटलीची पद्धत, प्लास्टिकवर बसवलेली. ती रोजच्या व्यवहारात रुळली नाही. पन्नास पैशांचं नाणं आता मुंबईत कुणी घेतही नाही.

मग काय, पिशवीला किंमत लावून काही होत नाही? होतं, पण किंमत कशी लावली यावर सगळं अवलंबून आहे. वॉशिंग्टनजवळच्या माँटगोमेरी काउंटीत २०१२ पासून प्रत्येक पिशवीवर पाच सेंट कर बसला. तातियाना होमोनॉफ या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी दुकानांच्या दारात प्रत्यक्ष मोजणी केली. आधी पाचांपैकी चार गिऱ्हाइकं दुकानाची पिशवी घेत होती. करानंतर पाचांपैकी दोनच. गंमत अशी की त्याच भागात काही दुकानं आधीपासून स्वतःची पिशवी आणणाऱ्याला पाच सेंट सूट देत होती, आणि तिचा परिणाम जवळपास शून्य होता. रक्कम तीच. पण खिशातून जाणारे पाच सेंट टोचतात, मिळणारे पाच सेंट कुणाच्या लक्षातही राहत नाहीत. आयर्लंडमध्ये २००२ मध्ये पिशवीमागे पंधरा सेंट लावल्यावर पिशव्यांचा खप नव्वद टक्क्यांहून अधिक घटला.

आपल्याकडच्या मोठ्या दुकानांत पिशवीचे पैसे घेतात, तरी हा परिणाम तितका का दिसत नाही? पैसे कधी सांगितले जातात ते पाहा. सामान निवडून झालं, रांगेत उभं राहून झालं, सगळं सरकत्या पट्ट्यावर मांडलं, मागच्याची ट्रॉली आपल्या घोट्याला लागतेय, आणि तेव्हा कॅशिअर विचारते, "बॅग लागेल का?" त्या क्षणी पिशवीची किंमत म्हणजे शिक्षा असते, आठवण नसते. राष्ट्रीय ग्राहक आयोगानं डिसेंबर २०२० मध्ये बिग बझारविरुद्धच्या एका प्रकरणात नेमकं यावर बोट ठेवलं. कापडी पिशवीचे १८ रुपये लावले गेले होते. आयोगाचं म्हणणं असं की पिशवीला पैसे पडतील हे आणि ती कशी आहे हे ग्राहकाला खरेदीच्या आधी कळायला हवं, बिल करताना अचानक सांगणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. हा निकाल ग्राहकहक्काचा, पण स्मरणशक्तीचं शास्त्रही हेच सांगतं. फलक प्रवेशाशी हवा. खरं तर त्याही आधी, गाड्या उभ्या करतात तिथे, म्हणजे डिकीतली पिशवी घ्यायला परत फिरता येईल.

एक अडचण दुकानं स्वतःहून निर्माण करतात. कित्येक सुपरमार्केटांत आपली पिशवी आत नेऊ देत नाहीत. ती दारात जमा करा, टोकन घ्या, किंवा तिचं तोंड प्लास्टिकच्या पट्टीनं आवळून घ्या. चोरीची धास्ती समजते. पण रिकामी कापडी पिशवी नेणाऱ्याला रांगेत उभं करायचं आणि काही न नेणाऱ्याला सरळ आत सोडायचं, ही उलटी शिकवण झाली. आणि पिशवी आवळायला वापरलेली ती पट्टीही प्लास्टिकचीच!

आता पिशवी कशाची, यावर. कापडी म्हणजे चांगली असं आपण डोळे मिटून मानतो, आणि इथे मोजणारे थोडा धक्का देतात. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेनं २०११ मध्ये काढलेल्या हिशेबानुसार, हवामानावरचा परिणाम पाहिला तर कागदी पिशवी तीनदा आणि सुती पिशवी १३१ वेळा वापरली तरच ती एकदा वापरलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीची बरोबरी करते. डेन्मार्कच्या २०१८ च्या अभ्यासात पाणी, ओझोन, खतं असं सगळं धरल्यावर साध्या सुती पिशवीचा आकडा ७,१०० वर गेला. आठवड्यातून दोनदा बाजार धरा: १३१ वेळा म्हणजे सव्वा वर्ष. ७,१०० वेळा म्हणजे अडुसष्ट वर्षं. ती पिशवी इच्छापत्रात लिहावी लागेल.

या आकड्यांनी खचून जायचं कारण नाही. ते नव्या कापडाचे आहेत: नवा कापूस, नवं पाणी, नवी गिरणी. शिवाय नाल्यात अडकलेल्या किंवा वर्सोव्याच्या वाळूत रुतलेल्या पिशवीचा हिशेब त्यांत धड येत नाही, आणि मुंबईत तोच मुख्य आहे. आणि मराठी घरातली अस्सल बाजाराची पिशवी नव्या कापडाची कधी नव्हतीच. ती बाबांच्या विटलेल्या पँटची असायची, जुन्या पडद्याची, गाद्यांच्या अभ्ऱ्यांची. त्या कापडाचं कर्ज पँटनंच फेडलेलं असतं. पिशवी पहिल्या दिवसापासून फायद्यात.

नुकसान करते ती दुसरीच. जानेवारीत मकरसंक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत उपनगरांत हळदीकुंकवांचा धडाका असतो आणि गेल्या काही वर्षांत 'पर्यावरणपूरक' वाण म्हणून पिशव्या लुटल्या जातात. हेतू उत्तम. पण एका बाईला एका हंगामात पाच-सहा वाणं मिळाली तर पाच-सहा पिशव्या, त्यात लग्नातल्या, साडीच्या दुकानातल्या, सोसायटीच्या गणपतीतल्या, निवडणुकीतल्या. दहा पिशव्या असणाऱ्या घरात प्रत्येक पिशवी एकदशांश वेळाच वापरली जाते. वर यातल्या अनेक कापडी नसतातच. न विणता दाबून केलेलं, किंचित खरखरीत, ठिपक्याठिपक्यांचा ठसा असलेलं ते 'नॉन-वोव्हन' म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, शुद्ध प्लास्टिक. कडेचा एक धागा पेटवून पाहा: सुती असेल तर कागदासारखा जळून राख होईल, हे मात्र आक्रसून वितळतं आणि त्याची कडक गोळी होते. पाच-सात खेपांत त्याचे कान उपटतात.

कचऱ्याच्या डब्याचं लचांडही आहेच. पूर्वी फुकटची कॅरीबॅग घरी आल्यावर कचऱ्याच्या डब्यात बसायची. ती बंद झाली की लोक काळ्या पिशव्यांचं रीळ विकत आणतात. कॅलिफोर्नियातल्या बंदीनंतर रिबेका टेलर यांनी हेच मोजलं: वाचलेल्या प्लास्टिकपैकी जवळजवळ तीस टक्के कचऱ्याच्या पिशव्यांच्या वाढलेल्या विक्रीत परत आलं. आपल्याकडे ओला कचरा वेगळा ठेवणाऱ्या घरांत डब्याला तळाशी वर्तमानपत्राची घडी पुरते, पण वर्तमानपत्र घेणारी घरंच आता कमी होत चालली. दहा मिनिटांत घरपोच सामान मागवणाऱ्यांना तर पिशवी आठवण्याचा प्रश्नच उरलेला नाही. प्रत्येक चिल्लर खरेदीबरोबर एक कागदी पिशवी दारात येते, आणि तिला तीनदा वापरणारं घर मी तरी अजून पाहिलेलं नाही.

परत स्टेशनबाहेरच्या माणसाकडे. त्याला 'लक्षात ठेवा' सांगून उपयोग नाही, हे एव्हाना स्पष्ट व्हावं. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांनी नव्वदच्या दशकात दाखवलं की नुसता संकल्प करणाऱ्यांपेक्षा 'अमुक घडलं की मी तमुक करीन' असं ठरवणारे आपलं ठरवलेलं काम कितीतरी जास्त वेळा पार पाडतात. पिशवीच्या बाबतीत ते अमुक कोणतं, हा कळीचा प्रश्न. लोक सकाळचं निघणं धरतात, आणि तिथेच फसतं. सकाळी घाई असते. साखळी तुटते ती रात्री, भाजी ओट्यावर ओतल्यावर, पिशवी रिकामी होऊन खुंटीवर जाते त्या क्षणी. तेव्हाच ती घडी करून ऑफिसच्या बॅगेत परत गेली, तर सकाळी आठवायचं काही शिल्लकच राहत नाही. खुंटी हाच शत्रू. लोकलच्या डब्यात फेरीवाले विकतात ती मुठीत मावणारी पातळ नायलॉनची पिशवी यासाठी सुती पिशवीपेक्षा सरस, कारण ती बॅगेत जड होत नाही. मेथीच्या मुळांची माती आणि कोथिंबिरीचं पाणी लागलं की पिशवी धुवावी लागते, दोरीवर जाते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हात रिकामे. म्हणून दोन हव्यात, आणि दोनच हव्यात.

तरीही माणूस कधीतरी विसरणारच. तमिळनाडूनं २०२१ च्या डिसेंबरात 'मीण्डुम मंजप्पै', पुन्हा पिवळी पिशवी, ही मोहीम काढली आणि चेन्नईच्या कोयंबेडु बाजारात दहा रुपयांचं नाणं टाकलं की कापडी पिशवी देणारं यंत्र बसवलं. पिशवी गरजेच्या जागी मिळते हे उत्तम, पण दर विसरण्यागणिक घरात एक नवी पिशवी येते. ऑस्ट्रेलियातल्या 'बूमरँग बॅग्ज'वाल्यांनी २०१३ पासून दुसरा रस्ता धरला: जुन्या कापडाच्या पिशव्या शिवून बाजारात ठेवायच्या, लागेल त्यानं न्यायची, आणून टाकायची.

हे आपल्या उपनगरांत ऑस्ट्रेलियापेक्षा चांगलं चालायला हवं, कारण आपला नोकरदार रोज त्याच गाडीनं येतो, त्याच पुलावरून उतरतो आणि बहुधा त्याच भाजीवालीकडे थांबतो. हळदीकुंकवाच्या साठलेल्या पिशव्यांपैकी धड, धुतलेल्या पंधरा तिच्याकडे नेऊन द्यायच्या, विसरणाऱ्यानं दहा रुपये ठेव ठेवून एक न्यायची, उद्या परत केली की दहा रुपये पुढच्या जुडीत वळते. पन्नास पैशांना जे जमलं नाही ते दहा रुपयांना जमेल, असा माझा अंदाज आहे. हिशेबाला वही लागणार नाही, कारण या बायकांना कुणाचे किती बाकी ते तोंडपाठ असतं. अडचण जागेची आहे. रात्री माल आवरून जाणाऱ्या बाईला गठ्ठा ठेवायला फळीसुद्धा नसते, आणि पालिकेची गाडी आली की जे हाताला लागेल ते उचलून पळावं लागतं. तेव्हा गठ्ठा शेजारच्या किराणावाल्याकडे ठेवावा लागेल, आणि त्याला यात काय मिळणार ते आधी त्याच्याशी बोलावं लागेल.